नांदगाववाल्या ताई, जरा सरका

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी सफारी घातलेले एक गृहस्थ बसले होते. चढणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "कोन्या गावचे? कोनाच्या घरचे?" उत्तर मिळालं की मांडीवर थाप मारत आणि पुढे त्याच ओळखीने हाक मारत. "नांदगाववाल्या ताई, जरा सरका. बार्शीटाकळीवाल्या मास्तरले बसू द्या."

मला असल्या चौकशांचा तिटकारा आहे. तरी माझी पाळी आल्यावर गाव सांगायचं सोडून मी छाती फुगवून सांगितलं, की माझा प्रोग्रॅम चालता चालता स्वतःच नवा कोड लिहितो.

"मंग अकोल्याले काहून चालले?"

"तिथल्या दालमिलमध्ये ट्रकची नोंद तोच करतो, आणि तो अडकलाय. गेटवर ट्रक उभे आहेत. त्यानं लिहिलेल्या कोडच्या ढीगभर तुकड्यांपैकी बिघडलेला कोणता, तेच कळत नाही. आता प्रत्येक तुकडा तयार होतानाच त्याच्यावर चिठ्ठी लावायचीय. कुठून आला, कशासाठी आला."

ते माझ्याकडे वळले. "म्हंजे आतापावतर कोनाले काही न इचारताच तुमी साऱ्यायले गाडीत घेऊन राहिले होते?"

नांदगाववाल्या ताई पदर तोंडाला लावून हसल्या. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

दिवसभर निमूटपणे चिठ्ठ्या लावल्या, तेव्हा बिघडलेला तुकडा सापडला. ट्रक सुटले. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

"कोण होते हो ते? कोणत्या गावचे?" तिनं विचारलं.

"सफारी घातली होती," एवढंच मला सांगता आलं.