पाणबुडीवरचे नऊ दिवस

रिटायर झाल्यावर मी अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावच्या सीनियर सेंटरमध्ये दर मंगळवारी सकाळी जायला लागले. तीस वर्षं ऑडिऑलॉजिस्ट म्हणून लोकांचे कान तपासले होते, त्यामुळे घरी नुसतं बसणं जमेना. सेंटरमध्ये एका टेबलाशी बसायचं, येतील त्यांची श्रवणयंत्रं साफ करायची, कडक झालेली नळी बदलायची, बॅटरी घालून द्यायची. यात फार कौशल्य लागतं असं नाही. पण यंत्र नीट लागलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो बघायची मला सवय लागली होती.

तिथंच ते भेटले. अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते. जन्मानं इंग्लिश, बायको अमेरिकन, म्हणून तरुणपणीच इकडे आले आणि एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीकडे राहायचे. मुलगी त्यांना दारात सोडायची आणि दीड तासानं न्यायला यायची. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायची. तोंडावर अर्थातच ‘सर’. ते मला ‘डॉक्टर’ म्हणायचे.

त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता. उजव्यात यंत्र लावलं की समोर बसलेल्या एका माणसाचं बोलणं कळायचं, त्याहून जास्त नाही. मी एकदा सहज विचारलं, “हा डावा कधीपासून असा?”

“एकोणिसाव्या वर्षापासून,” ते म्हणाले. “पाणबुडीत होतो. पाण्याखालचं ऐकायचं काम माझं. हेडफोन लावून बसायचं आणि कुठल्या जहाजाचा पंखा कुठल्या बाजूनं फिरतोय ते सांगायचं. वरून बॉम्ब टाकले की हेडफोन काढून ठेवायचे असतात. एकदा काढायला उशीर झाला.”

एवढंच बोलले. पुढे तीन-चार महिने त्या विषयावर एक शब्द नाही. मग ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“तुम्ही इंडियाच्या ना, डॉक्टर? एक काम आहे.”

लिफाफ्यात चार टाइप केलेली पानं होती. इंग्लंडमधल्या जुन्या पाणबुडीवाल्यांच्या एका मंडळानं त्यांच्या पाणबुडीचा युद्धातला इतिहास तयार केला होता आणि छापण्याआधी तपासायला पाठवला होता. “एके काळी आम्ही पन्नासच्या वर होतो,” ते म्हणाले. “आता तपासायला मी एकटाच उरलोय.”

मी तिथंच वाचून काढलं. कुठल्या गोदीत बांधली, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर चाचण्या कधी झाल्या, नॉर्वेच्या बाजूला किती गस्ती घातल्या, मग भूमध्य समुद्रातून लंकेला, त्रिंकोमालीच्या तळावर. तिथून मलाक्काच्या सामुद्रधुनीत जपान्यांची रसद तोडायला. कुठलं जहाज कधी बुडवलं, ते किती टनांचं, टॉर्पेडोनं की तोफेनं, सगळं ओळीनं लिहिलेलं. शेवटी पाणबुडी मायदेशी परतली आणि भंगारात गेली.

त्यांनी तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. एक शिडाचं जहाज, तोफेनं बुडवलं. बस. नाव नाही, टन नाहीत.

“इथं एक माणूस राहिलाय,” ते म्हणाले. “मला तो घालायचाय. माझा हात थरथरतो, म्हणून तुम्ही लिहून द्या. त्याचं नाव तंबी होतं. तुमच्याकडचाच होता, इंडियन. हे नाव कसं लिहितात, स्पेलिंग काय, ते तुम्हाला माहीत असेल.”

मी मूळची नागपूरची. मला एकच तंबी माहीत, मास्तर देतात ती. मी म्हटलं, “सर, आमच्या भाषेत तंबी म्हणजे ताकीद. आधी देऊन ठेवलेली ताकीद. माणसाचं असं नाव मी तरी ऐकलेलं नाही.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “तीच तर आम्ही दिली नव्हती.”

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलगी बाहेर गाडीत येऊन थांबली होती, तिला त्यांनी हातानंच आणखी वेळ लागेल अशी खूण केली.

त्या भागात लहान लहान शिडाची लाकडी जहाजं फिरायची. तांदूळ, रबर, तेल, जे मिळेल ते भरून जपान्यांना पोचवायची. त्यांवरचे खलाशी जपानी नसायचे, तिथलेच गरीब लोक असायचे. त्यामुळे रीत अशी होती की पाणबुडीनं वर यायचं, जहाजाच्या पुढे पाण्यात इशाऱ्याचा एक गोळा टाकायचा, खलाशांना होडीत उतरायला वेळ द्यायचा आणि मग जहाज बुडवायचं. त्या सकाळी मात्र किनारा जवळ होता, आकाश स्वच्छ होतं आणि विमान येण्याची भीती होती. कप्तान थांबला नाही.

“तोफेपर्यंत गोळे पोचवणाऱ्यांत मी होतो,” ते म्हणाले. “पाच की सहा गोळे. जहाज लाकडाचं. सगळं दोन मिनिटांत आटोपलं. पाण्यात माणसं दिसत होती. एकजण फळीला धरून अगदी आमच्या बाजूला आला, त्याला आम्ही दोघांनी वर ओढला. तो पाण्याकडे हात करून ओरडत होता, तंबी, तंबी. तेवढ्यात वरचा पहारेकरी ओरडला की विमान आलं. त्याला उचलून झाकणातून खाली टाकला आणि बुडी मारली.”

“आणि बाकीचे?”

“मी खाली जाऊन हेडफोन लावले. तेच माझं काम होतं. माणसांचा आवाज त्यात येत नाही, डॉक्टर. मला ते माहीत होतं, तरी मी ऐकत बसलो.”

त्या माणसाला त्यांनी नऊ दिवस सांभाळलं. परतीचा प्रवासच तेवढा होता. पाणबुडीत अंग वळवायला जागा नाही, सगळीकडे डिझेलचा वास, आणि त्यात हा परका माणूस, कुणाला त्याची भाषा येत नाही. टिनातलं मांस त्यानं हातात धरलं नाही. पाव आणि टिनातलं गोड दूध तेवढं घ्यायचा. पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी फाटलेली कॅनव्हासची पिशवी दिसली तशी सुई-दोरा मागून ती शिवून दिली. मग लोक त्याला आपल्या फाटक्या वस्तू आणून द्यायला लागले. चहा न्यायचं काम आजोबांकडे होतं. सगळ्यांत लहान तेच.

“त्रिंकोमालीला उतरवून घ्यायला दोन शिपाई आले. जाताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. पुढे त्याचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निदान त्याचं नाव तरी लिहिलं पाहिजे.”

मी म्हटलं, “पुढच्या मंगळवारी लिहू. तोवर या नावाचं बघते.”

घरी येऊन मी माझ्या एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती मदुराईची, आमच्याच हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट होती. मी विचारलं, “तंबी असं तुमच्यात नाव असतं का गं?”

“नाव नाही,” ती म्हणाली. “तंबी म्हणजे धाकटा भाऊ. का?”

मी किचनमधल्या स्टुलावर बसले. मग तिला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण थांब. आम्ही कुठल्याही लहान पोराला तंबी म्हणतो. दुकानातला, शेजारचा, कुणीही. तो त्या गोऱ्या पोरालाच हाक मारत असेल.”

“पाण्याकडे हात करून?”



तो आठवडा मला जड गेला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “कशाला सांगतेस? शंभरीला टेकलेला माणूस आहे. नाव आहे म्हण, स्पेलिंग लिहून दे, विषय कट कर.” मलाही ते पटत होतं. पण माझं आयुष्य लोकांना खरं सांगण्यात गेलं होतं. तुमचा कान आता परत येणार नाही, तुमच्या बाळाला ऐकू येत नाही, हे मी आईबापांच्या डोळ्यांत बघून सांगितलेलं. आणि यांनी मला विचारलं होतं. ते खोटं छापलं जाऊ नये म्हणूनच तर ते धडपडत होते.

मंगळवारी मी त्यांना हॉलच्या कोपऱ्यात नेलं, यंत्रात नवी बॅटरी घातली आणि सांगितलं. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “पुन्हा सांगा,” म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी कागद पुढे केला, मी त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. ते वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

“म्हणजे तो नाव सांगत नव्हता,” ते म्हणाले. “भाऊ पाण्यात आहे, असं सांगत होता.”

“तसं असू शकेल.”

“कुणीतरी त्याला म्हणालं होतं, ठीक आहे तंबी, तू वाचलास. मग सगळेच म्हणायला लागले. तंबी, इकडे ये. तंबी, चहा घे. नऊ दिवस आम्ही त्याला त्या शब्दानं हाक मारत होतो, डॉक्टर. आणि तो ओ देत होता.”

त्यांचे डोळे कोरडे होते.  मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग मैत्रिणीनं सांगितलेलं दुसरंही सांगितलं, की त्यांच्याकडे लहान मुलाला प्रेमानं असंच म्हणतात.

ते म्हणाले, “चहा घेताना माझ्याकडे बघून म्हणायचा. रोज. मला वाटायचं, मी नाव बरोबर उच्चारावं म्हणून शिकवतोय. ते तो मला म्हणत असेल?”

“असेल. मी नक्की नाही सांगू शकत.”

“नका सांगू,” ते म्हणाले. “एवढं पुरे.”

पत्र लिहायला आम्हांला तीन मंगळवार लागले. ते सांगायचे, मी लिहायची, मग ते अर्धं खोडायला लावायचे. कप्तानाला दोष द्यायचा नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. “तो चोवीस-पंचवीसचा असेल. पन्नास माणसं त्याच्या गळ्यात होती.” पण पूर्वसूचना दिली नव्हती हे वाक्य त्यांनी ठेवलं. मुळात नाव घालायचं म्हणून पत्र लिहायला बसलो होतो. आता त्या जागी लिहिलं, ‘नाव माहीत नाही.’ हे तीन शब्द त्यांनी खोडायला लावले नाहीत. खाली जोडलं की हा माणूस तमिळ खलाशी होता, त्याचा धाकटा भाऊ बहुधा त्याच जहाजावर होता, आणि पाण्यात आणखी माणसं होती ज्यांना आम्ही उचललं नाही. सही त्यांनी स्वतः केली. पोस्टात मी टाकलं.

उत्तर जानेवारीत आलं. सेंटरच्या पत्त्यावरच मागवलं होतं. मंडळाच्या एका गृहस्थानं लिहिलं होतं की पत्र मिळाल्यावर ते स्वतः सरकारी दफ्तरात जाऊन कप्तानाचा मूळ अहवाल बघून आले. त्यात एक वाचलेला माणूस बरोबर घेतल्याची नोंद होती, पण इतिहास तयार करणाऱ्याच्या नजरेतून ती निसटली होती. आता ती ओळ घातली जाईल आणि खाली आजोबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत छापलं जाईल.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे तो होता.” मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाले, “अलीकडे मला वाटायला लागलं होतं, की मीच कल्पना केली. दुसरं कुणी उरलं नव्हतं ना विचारायला.”

त्यानंतर ते पाच-सहा वेळाच आले. फेब्रुवारीत इतिहासाची छापील प्रत सेंटरवर आली, ती कोटाच्या खिशात घालून घरी घेऊन गेले. मार्चमध्ये न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत गेले. मुलीनं सेंटरला फोन करून मला मुद्दाम निरोप दिला.

फ्युनरलला मी गेले, आणि माझी ती मदुराईची मैत्रीणही आली. मी तिला बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली की यावंसं वाटतं. माणसं थोडी होती. चर्चमधल्या माणसानं युद्धातल्या सेवेचा उल्लेख एका वाक्यात केला. प्रार्थना झाली, बिस्किटं आणि कॉफी झाली. आम्ही निघालो, तेव्हा त्यांची मुलगी पार्किंग लॉटपर्यंत मागे आली. सत्तरीच्या आसपासची बाई, हातात तो छापील इतिहास. वडिलांच्या ड्रॉवरमध्ये तिला सापडला होता.

“हे तुम्ही लिहिलंय का, डॉक्टर? बाबांच्या नावाखाली जे आहे ते?”

“लिहिलं मी. सांगितलं त्यांनी.”

“मला कधीच नाही सांगितलं. आईलाही नसेल सांगितलं. युद्धाचं विचारलं की म्हणायचे, तिथं जेवण वाईट होतं. मी तर दर मंगळवारी न्यायला येऊन बाहेर गाडीत बसलेली असायची.” तिचा आवाज दुखावलेला होता. “तुम्हालाच का?”

 मी परकी होते म्हणून, हे खरं होतं. मी इंडियन होते म्हणून, तेही खरं. पण वडील गेलेल्या बाईला ते काय सांगायचं? मी म्हटलं, “त्यांना एका शब्दाचा अर्थ हवा होता. तेवढ्यासाठी आले होते. बाकीचं मग ओघानं आलं.”

ती तशीच उभी राहिली. थंडी होती, वारा सुटला होता, आणि तिनं कोटसुद्धा घातला नव्हता. मी माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि हीटर लावला. मैत्रीण पुढे बसली, ती मागे माझ्या शेजारी. पानं मांडीवर ठेवून तिनं चष्मा घातला.

“पहिल्यापासून सांगा,” ती म्हणाली. “हळूहळू सांगा.”

ते शिडाचं जहाज बुडवलं त्या सकाळपासून मी सुरुवात केली.