काकांचा व्हॉल्व्ह आणि माझी राखाडी

स्वच्छतेच्या नादात मी एकदा एका माणसाची सात वर्षं घासून टाकली. तो माणूस म्हणजे माझे चुलतसासरे, मसुऱ्यातलेच नव्हे, तर मालवणपासून कुडाळपर्यंतचे सर्वांत हट्टी गृहस्थ. ऐंशीच्या दशकात पोरंटोरंसुद्धा ट्रान्झिस्टर कानाला लावून हिंडत असताना काका पडवीतल्या टेबलावर व्हॉल्व्हचा रेडिओ स्वतःच्या हातांनी बांधत बसलेले. विकतच्या ट्रान्झिस्टरवर त्यांचा विश्वासच नव्हता. "ज्याच्या पोटात दिवो दिसणा नाय, तो बोलता तरी खंयसून?" असं ते विचारीत. बांबूच्या नळीवर तांब्याची तार मोजून गुंडाळायचे. एक वेढा चुकला की सगळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. दोन माडांमध्ये एरियल ताणलेली. तिच्यावर कावळा बसला तरी भरल्या पानावरून उठायचे. सासूबाई म्हणत, "ह्या खोक्यातसून एक दिवस धूर येतलो, गाणा नाय." घरातलं दुसरं कुणी त्या टेबलाकडे फिरकतही नसे.

शेवटी गोव्यातल्या कुणा ओळखीच्याकडून एकुलता एक व्हॉल्व्ह मिळाला, बोटभर काचेचा दिवा. संध्याकाळी सगळ्यांना नाट्यगीत ऐकवणार, असं जाहीर करून काका तारांच्या जोडांना डाग द्यायचं शिसं आणायला कुडाळला गेले. मी लग्नाला सहा महिने झालेली सून, हुशारी नुसती उतू चाललेली. म्हटलं, आजच्या दिवशी टेबल तरी आवरावं. बघते तर त्या दिव्याच्या डोक्याशी काळपट चंदेरी डाग! मला वाटलं, काजळी. घेतलं नारळाचं सोडण, घेतली राखाडी, आणि समई घासावी तशी बसले घासत. कुठेतरी 'टिक्' झालं आणि बघता बघता डाग पांढराशुभ्र! मी खूश. दिवा होता तिथे खोचून ठेवला.

संध्याकाळी सगळे पडवीत जमले. काकांनी बटण दाबलं. दिवा लागेना. त्यांनी वाकून ते पांढरं डोकं पाहिलं, मग माझे हात. नखांत राखाडी तशीच होती. काच तडकून आत हवा शिरली की तो डाग पांढरा पडतो आणि दिवा मरतो, हे मला फार पुढे कळलं.

"मी काय सांगललंय?" सासूबाई हसल्या.

"जुनो हुतो. मेलो," काका एवढंच म्हणाले.

सगळे उठून गेल्यावर मी रडत रडत खरं सांगून टाकलं. काकांनी व्हॉल्व्ह काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दुसरा त्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही. तो मेलेला अजून माझ्या कपाटात आहे, आणि तो देताना ते जे बोलले तेही माझ्यापाशी आहे:

"सात वर्सां ह्या टेबलाकडे घरातला कोण फिरकूक नाय गो बाय. तू निदान घासलंस तरी."