वरच्या मजल्यावरचा क्लॅरिनेटवाला

गल्लीत त्यांना सगळे गुणगुणमास्तर म्हणत. तोंडात टाचण्या धरून शिवायला बसले, की नाकातून एकच चाल निघायची. ऐन रंगात येऊन तुटणारी, शेवट नसलेली. वडील आणि आजोबाही काम करताना तीच गुणगुणत. ती घरात आली कुठून, कुणालाच ठाऊक नव्हतं.

साठी उलटली आणि मास्तरांना पूर्वज शोधायचं वेड लागलं. दर बुधवारी दुकानाला कुलूप लावून ते नोंदणी कार्यालयाच्या तळघरात जात. तिथल्या चष्मेवाल्या बाई जुन्या वह्यांची बाडं काढून देत. एके दिवशी पणजोबा सापडले. आजोबांच्या जन्मनोंदीत होतं तेच नाव-आडनाव, घर क्रमांकही तोच, एकोणीस, आणि व्यवसायाच्या रकान्यात झोकदार अक्षरात ‘क्लॅरिनेटवादक’.

मास्तर हरखून गेले. पुढचं वर्षभर ते जणू त्या घरातच राहायला गेले. पणजोबांची एक मुलगी चौथ्या वर्षी गेल्याची नोंद मिळाली, तेव्हा त्यांनी दिवसभर कात्री हातात धरली नाही. दुपारचं ऊन कापडावर उतरलं, की पांढऱ्या कोटातले पणजोबा समोर उभे राहत. कोट खांद्यात जरा सैल आहे, हेही मास्तरांच्या नजरेतून सुटत नसे.

हे सगळं ते अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीला, ताईला, जाऊन सांगत. आपल्या घरात शिट्टी वाजवणाऱ्या किटलीशिवाय कुणाला सूर लागत नाही, असं जन्मभर टोचून बोलणारी ताई आता येईल त्याला ऐकवायची, की आम्ही वादकांच्या घरातले. डॉक्टरही त्यातून सुटले नाहीत.

मग एका बुधवारी बाईंनी चष्मा पुसत कडेच्या एका बारीक रकान्यावर बोट ठेवलं. मजला. त्या घरात एकाच नावाचे दोघे राहत होते. क्लॅरिनेटवाला वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर कोळशाच्या वखारीतला हमाल. आणि मास्तरांच्या आजोबांचा जन्म तळमजल्यावरचा.

ताईकडे जाताना मास्तर वाटेत तीनदा थांबले. न सांगितलं तर काय बिघडणार होतं? ताईचे दिवस तरी किती उरले होते! पण तिच्याशी खोटं बोलणं त्यांना लहानपणीही जमलं नव्हतं. उशाशी बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ताईनं छताकडे पाहिलं.

“धाकट्या, वरची जमीन फळ्यांची असेल ना रे?”

“असेल. जुनंच घर ते.”

“मग वर तो वाजवत असणार, आणि खाली आपला पणजोबा दिवसभर पोती वाहून आडवा झालेला. रोज ऐकत असेल बिचारा. शेवट यायच्या आत झोप लागत असेल त्याला.”

मास्तरांनी तिचं पांघरूण सारखं केलं.

“आता म्हण ती आपली चाल,” ताई म्हणाली. “टाचण्या नाहीत ना तोंडात?”

मास्तर गुणगुणू लागले. चाल नेहमीच्या जागी येऊन तुटली, तेव्हा ताईचा डोळा लागला होता.