सवलतीवर आलेला कारखाना

गोण्यांचा कारखाना आला तेव्हा मी बीडला शिकत होते. त्याचा तालुक्याला काय उपयोग झाला हे तपासायला मला पाठवलं, तेव्हा तो जायच्या तयारीत होता.

औरंगाबादच्या एका अभ्याससंस्थेत मी नुकतीच लागले होते. मागास तालुक्यांत येणाऱ्या उद्योगांना शासनानं स्वस्तात जागा, काही वर्षं करमाफी आणि विजेच्या दरात सूट दिली होती. त्यातून त्या भागाचं खरंच भलं झालं का, हे आम्हाला पाहायचं होतं. आमचे सर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी केज तालुका निवडला आणि मला विचारलं, "तुमचं गाव तिकडचंच ना?"

मी होय म्हटलं. माझी सख्खी थोरली बहीण त्याच कारखान्यात कामाला आहे, हेही सांगितलं.

"मग त्यांची मुलाखत तुम्ही घ्यायची नाही. मी घेईन," सर म्हणाले.

अक्काचं सासर युसूफ वडगावच्या पुढं, माळाला लागून. लग्नानंतर ती आणि दाजी दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. उन्हाळा लागल्यावर परत येत. गावातला हिवाळा कसा असतो हे तिला लग्नानंतर कधी दिसलंच नव्हतं. त्याच माळावर कारखाना आला, तिला शिलाई खात्यात काम मिळालं आणि तिचं जाणं थांबलं. दाजी कारखान्याच्याच ट्रॅक्टरवर चालक म्हणून लागले. अक्कानं दोन गाई घेतल्या. गावातली दूध संस्था सहकारी होती, तिची निवडणूक नेमकी हिवाळ्यात व्हायची. ऊसतोडीला जाणाऱ्यांना ती कधी झाली हेसुद्धा कळायचं नाही. कारखान्यात लागल्यावरच्या निवडणुकीला अक्का गावात होती. बायकांच्या राखीव जागेवर उभी राहिली आणि संचालक झाली.

मला वाटायचं, आणखी काय पुरावा पाहिजे?

सरांना मात्र पाहिजे होता. कारखान्याच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "इथं काय झालं हे आपल्याला दिसतंय. कारखाना आला नसता तर काय झालं असतं, हे दिसत नाही. तेच शोधायचं आहे."

त्यासाठी आम्ही गेवराई तालुक्यात चकलांब्याला गेलो. जमीन तशीच, पाऊस तसाच, दोन्ही गावांतली निम्मी माणसं ऊसतोडीला जाणारी. फक्त तिथं असा कारखाना आलेला नव्हता. मी मनात धरूनच गेले होते की तिथं सगळं जागच्या जागी थांबलेलं असणार. पण तसं नव्हतं. तिथंही नवी घरं उठली होती, पोरी सायकलवर शाळेत जात होत्या. एका घरी मेंढ्या राखणारं जोडपं होतं, त्यांनी गाई घेतल्या होत्या. मी त्या बाईंना विचारलं, "पैसे कुठनं उभे केले?"

"बचत गटातून. दुसरं कोण देतंय?" त्या म्हणाल्या. "कावून, तुमच्याकडं बायकांना गाई न्हाईत का?"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये, पाडळशिंगीच्या पुढं, मला राहवेना. मी म्हटलं, "पण माझी बहीण संचालक झाली, सर. ते चकलांब्याला झालेलं नाही."

"खरं आहे," ते म्हणाले. "पण मला एक सांगा, सरकारला तुमच्या बहिणीला मदत करायची होती, की कारखान्याला? कारखान्याला दिलं तेवढंच त्या गावातल्या रस्त्याला, पाण्याला दिलं असतं, तर किती बायका गावात राहिल्या असत्या?"

माझी चिडचिड झाली. त्यांचा प्रश्न चूक असता तर एवढी झाली नसती.

आमचा अभ्यास चालू होता त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणायचा. संक्रांतीच्या आतच विहिरींनी तळ गाठला. दूध संस्थेचं संकलन आटत चाललं, कारण लोक जनावरं बाजारात नेत होते. आणि त्याच दिवसांत कारखान्याच्या सवलतीची मुदत संपली. मालकांनी शेजारच्या जिल्ह्यात नवी जागा घेतली. तोही तालुका मागास, तिथं सवलत पुन्हा पहिल्यापासून मिळणार होती. मशिनी न्यायला ट्रक येणार, हे बायकांना आदल्या दिवशी कळलं. अक्काचा मला फोन आला. सरांना कळवून मी निघाले.

पोचले तेव्हा फाटकासमोर शिलाई खात्यातल्या साऱ्या बायका बसलेल्या. ट्रक आत, मशिनी भरलेल्या, चालक सावलीला. मॅनेजर तरुण होता, नांदेडकडचा. तोही वैतागलेला. माझी ओळख सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मी नोकर माणूस. तिथं नवी सवलत आहे, इथली संपली. शेठ धर्मादाय चालवत नाहीत."

"सवलत नसती तर आला असतात का इथं?"

"इथं? आलोच नसतो. खोटं कशाला बोलू."

सरांना हवं होतं त्यातलं एक उत्तर मला असं उन्हात, फाटकासमोरच मिळालं. म्हणजे सवलतीनंच कारखाना आला, आणि सवलतीनंच नेला.

बायकांमध्ये अक्काच्या शेजारच्या मशिनीवर काम करणारी एक होती, अंगानं बारीक, आवाज मोठा. ती म्हणत होती, "चाकाखाली झोपू, पण मशिनी हालू देणार न्हाई." बाकीच्या माना डोलवत होत्या. अक्का उठून मॅनेजरसमोर उभी राहिली.

"सायेब, मशिनी तुमच्या हायत. न्हेऊ द्या म्हणते मी बायकांना. पण बोअर कुणाचं?"

"कंपनीचं."

"पाणी आमच्या जिमिनीतलं हाय. बोअर काय तुमी ट्रकात घालून न्हेणार न्हाई. मोटर तेवढी ठेवा. दूध संस्थेला लिव्हून द्या."

कारखान्याचं बोअर खोल होतं. गावातलं सगळं आटलं तरी त्याला पाणी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजर बाजूला जाऊन फोनवर बोलला. बराच वेळ बोलला. मोठ्या आवाजाची बाई अक्कावर उखडली, "आमची कामं घालवून तू पाणी मागतीस व्हय?"

"कामं गेलेलीच हायत गं," अक्का म्हणाली. "मशिनी आडवून ठिवल्या तर गंजतील. त्या काय आपल्याला चालवाया येणार हायत का? सूत कुठनं आणशील?"

"ते तू ठरवणार का?"

तेवढ्यात मॅनेजर परत आला. शेठ मोटर आणि बोअर संस्थेला वापरायला द्यायला तयार होते. वीजजोड संस्थेनं आपल्या नावावर करून घ्यायचा. बायका एकेक करून उठल्या. कोणी खूश नव्हतं. धुळीत ट्रक निघून गेले आणि फाटकावर आम्ही दोघी बहिणी राहिलो. मी अक्काला पाणी दिलं, ते ती प्यायली नाही.

वीजजोडासाठी अक्का आणि संस्थेचे सचिव बीडला कितीतरी खेपा घालत होते, त्यातल्या काहींत मी सोबत होते. अखेर मोटर सुरू झाली. त्या पाण्यावर संस्थेनं कारखान्याच्या मोकळ्या आवारात हौद बांधला आणि गावातली जनावरं पाणी प्यायला तिथं येऊ लागली. ज्यांनी गाई बाजारात नेल्या नव्हत्या त्यांच्या वाचल्या. वैशाखाच्या शेवटी बोअरही दमलं, तास-तासभर थांबून पाणी यायचं, पण पावसापर्यंत त्यानं कसंबसं नेलं.

अहवाल बीडला अधिकाऱ्यांपुढं मांडायचा होता. सरांनी स्वच्छ सांगितलं: कारखाना चालू होता तोवर सवलतीचा फायदा कारखान्याला नक्की झाला, कारखाना नसलेल्या गावाशी तुलना केली तर तालुक्याच्या पदरात फारसं जास्त पडलेलं दिसत नाही, आणि मुदत संपताच तो गेला. मग त्यांनी अचानक माझ्याकडं वळून म्हटलं, "यांना एक गोष्ट वेगळी दिसली, ती यांनीच सांगावी."

मी निवडणुकीचं सांगितलं, हौदाचं सांगितलं. बाई गावात थांबली म्हणून संचालक झाली, संचालक होती म्हणून तिला पाणी मागायचं सुचलं. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे योजनेत कसं बसवायचं?" मी म्हटलं, सवलत देतानाच, कारखाना जाताना काय ठेवून जाणार हेही कबूल करून घ्या. त्यांनी ते टिपून घेतलं. चहा आला. पुढचा विषय दुसऱ्या तालुक्यातल्या नव्या प्रस्तावाचा होता, आणि त्यात तशी अट काही घातली गेली नाही, हे मला नंतर कळलं.

दिवाळीनंतर मी अक्काकडं गेले. दाजी ट्रॅक्टरचं काम सुटल्यामुळं पुतण्याला जोडीला घेऊन ऊसतोडीला निघाले होते. अक्का मागं राहणार होती. दोन गाई होत्या, संस्थेचं काम होतं. कारखान्यातल्या बाकीच्या बहुतेक सगळ्या मात्र नवऱ्यांबरोबर निघाल्या. ट्रॉल्या भरत होत्या. बिऱ्हाडांवर बसलेल्या बायकांत ती मोठ्या आवाजाची बाईही होती. मला बघून ती म्हणाली, "बीडला गेलतीस म्हनं, मोठ्या सायबांपुढं बोलायला. काय सांगितलंस?"

मी जे सांगितलं होतं ते तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी तुज्या बहिणीचंच सांगितलंस," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतंच. "आमचं कुणी इचारलं का?"

विचारलं होतं, मुलाखती घेतल्या होत्या, सगळ्यांच्या. पण त्या कारखाना चालू असताना. तो गेल्यावर अक्का सोडून एकीलाही आम्ही पुन्हा भेटलो नव्हतो. मी तसं म्हणायच्या आत ट्रॅक्टर चालू झाला.

औरंगाबादला परतल्यावर मी सरांना म्हटलं, वर्षभरानं पुन्हा जायला हवं. ते म्हणाले, बरोबर आहे, पण त्याला आता निधी नाही. म्हणून पुढच्या हिवाळ्यात मी रजा काढून स्वतःच गेले. शिलाई खात्यातल्या तिघी-चौघीच गावात होत्या. एकीनं शेळ्या घेतल्या होत्या, एक पिठाच्या गिरणीवर बसत होती, एकीचं काहीच धड नव्हतं. बाकीच्या बार्शीकडं ऊसतोडीच्या कुठल्या फडावर आहेत ते विचारून घेतलं आणि त्यांना गाठायला तिथूनच पुढं बार्शीच्या गाडीत बसले.