धवलारणीची दाढी

“मावशी, तुम्ही पडद्यामागे बसून गा. शूटिंग आहे ना, हनुवटी नको दिसायला.”

नवीन पनवेलच्या हॉलमध्ये नवरीची आई मला असं म्हणाली. हळदीचं ताट हातात धरून, हसत. मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते. माझ्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, अशी माझी समजूत. वीस वर्षं नवरीच्या शेजारी बसले. त्या दिवशी फुलांच्या पडद्यामागे, रिकाम्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ. माझ्या जागी त्या बाईची भाची. नुसते ओठ हलवायला.

दोष हनुवटीचा. पाळी गेली आणि तिथे केस उगवले. काळे, राठ. डोक्यावरचे विरळ झाले. जणू वरचे भाडेकरू खाली राहायला आले. नवरा आरशापाशी म्हणायचा, “आधी तू कर दाढी, मी थांबतो.” मीही हसायचे. मग दार लावून चिमट्याने उपटायचे, कातडी सुजेपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, “पुरुषी हार्मोन प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. पाळी गेली की बायकी हार्मोन घटतं, मग त्याचा जोर दिसतो. तुमचं काही चुकलेलं नाही.” पटलं होतं. उपटणं सोडलंही होतं. तरी पडद्यामागे मुकाट बसले. असं माझं शौर्य.

दोन धवले गायले. फटीतून बघते तर भाची भलत्याच ठिकाणी तोंड उघडत होती, चिखलातल्या निवटी माशासारखी. आणि बायका म्हणत होत्या, “काय गोड गला हाय पोरीचा!”

माझा गळा. तिच्या तोंडात.

मी थांबले. मधेच. पोरीचं तोंड उघडंच राहिलं.

नवरीची आई पडदा सारून आत आली. “काय झालं? गा ना!”

“नाय गानार. भायेर बसवा, मंग गाईन.”

“एवढ्यासाठी नवरीला ताटकळत ठेवणार?”

“तुमी ठेवलाय तिला. मी नाय.”

तिने मोबाईलवरचं गाणं लावलं. हळद लागली. माझ्याशिवायही लागते, हे त्या दिवशी कळलं. फार झोंबलं.

पुढे त्यांच्या सोयऱ्यांतली दोन बोलावणी हातची गेली. जाऊबाई म्हणाली, “उपट ना गो चार केस. तुजा काय जातंय?” पण हल्ली कुणी बोलवायला आलं की दारातच सांगते, “मला दाढी हाय. नवरीच्या बाजूला बसेन, कॅमेऱ्यासमोर. चालत असंल तर तारीख सांगा.”