इग्नातच्या दिवशी उघडलेले दुकान

नेवेनाने केलेले बूट घालून मी तीनदा राज्य केले, दोनदा फासावर गेलो आणि एकदा, दिग्दर्शकाच्या हट्टापायी, अख्खा पहिला अंक एका पायावर उभा राहिलो. ते बूट कधी फाटले नाहीत असे मी म्हणणार नाही. फाटत. पण पाचव्या रांगेपलीकडे कुणाला कळत नसे, आणि नाटकातल्या बुटाची जबाबदारी तेवढीच असते. पुठ्ठा, कापड, सरस, वरून रंगाचा हात. दिव्याखाली ते उंची कातडे दिसे. तेच पावसात नेले की दहा पावलांत लापशी.

डॅन्यूबकाठच्या आमच्या नाटकघराच्या तळघरात हे बूट तयार होत. मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. नाटकांची नावे आठवतात, संवाद निसटतात, पण त्या तळघराचा सरस आणि ओल्या चामड्याचा वास अजून नाकात आहे. आम्ही नट मंडळी हिवाळ्यात तालमीच्या मधल्या वेळेत तिथेच जाऊन बसायचो, कारण साऱ्या इमारतीत धड पेटणारी शेगडी तिथे एकच होती.

नेवेना तिथे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. खरे म्हणजे आली नाही, आणली गेली. तिची आई रादका मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात वीस वर्षे राबली होती आणि तो कारखाना एका मंगळवारी दुपारी बंद झाला होता. तेव्हापासून रादकाचा देवावर होता तेवढाच विश्वास सरकारी नोकरीवर बसला. तिने मुलीला दंडाला धरून स्तोइल मास्तरांपुढे उभे केले आणि सांगितले, हिला काहीही शिकवा, पण पगाराच्या यादीत घाला.

मास्तरांनी पहिले तीन महिने तिच्याकडून वाकडे खिळे सरळ करून घेतले. ती रडली, रुसली, एकदा चिडून चामड्याच्या कात्रीने स्वतःचेच केस कापले आणि आठवडाभर टोपी घालून वावरली. पुढे प्रकाशयोजनेतल्या एका देखण्या मुलावर तिचा जीव जडला. तो स्पेनला संत्री तोडायला गेला आणि तिथलाच झाला. त्या वर्षी आम्हा सगळ्यांचे बूट फार घट्ट झाले होते, पण कुणी तक्रार केली नाही. अशी ती आमच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. मास्तर निवृत्त झाले तेव्हा रापी आणि आरी तिच्या हातात आली आणि तळघर तिचे झाले.

सगळे तसेच चालले असते. पण एका हिवाळ्यात माझ्या स्वतःच्या, म्हणजे रस्त्यावर घालायच्या बुटांचे तळ सुटले. नवे घेण्याची ऐपत नव्हती. मी ते तिच्याकडे टाकले आणि तिने मास्तरांनी जपून ठेवलेल्या जाड चामड्याचे नवे तळ शिवून दिले. वसंत आला, नदीवरचा बर्फ गेला, आणि मी तेच बूट घालून तळघरात उतरलो. तिने मला ते काढायला लावले. खिडकीपाशी नेऊन तळव्यावर अंगठा दाबून ती बराच वेळ पाहत राहिली.

"काका, ह्यातून पाणी आत गेलं नाही?"

"नाही."

"एकदाही नाही? तुम्ही बाजारात जाता, नदीवर जाता..."

मी शपथेवर सांगितले की एकदाही नाही. तिने बूट खाली ठेवले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग चौदा वर्षांत मी केलेला हा पहिला खरा बूट आहे."

त्या दिवसापासून ती बदलली. नदीवरून आलेल्या माणसाला इमारतीत काहीच आवडत नाही, तशी वावरू लागली. शरद ऋतूत तिने बाजाराजवळ एक जुने दूध केंद्र भाड्याने घेतले. अरुंद, एका खिडकीचे, भिंतीला पांढऱ्या फरशा. आणि मग वर जाऊन व्यवस्थापक गेन्चेवना राजीनामा दिला.

गेन्चेव म्हणजे आमच्या नाटकघराचा अपशकुन. माणूस सज्जन, पण तो विंगेत आला की फ्यूज उडे, तो प्रेक्षागृहात बसला की नायिकेचा आवाज बसे. निदान आम्ही तसे मानत असू, आणि बिचाऱ्यालाही ते माहीत होते. तो दारातूनच बोलून परत जाई. आमच्याकडे प्रत्येक नोकरदाराची एक पुस्तिका असते. नोकरी सोडली की तिच्यात शेवटची नोंद होऊन शिक्का बसतो. गेन्चेवनी राजीनामा घेतला, पण नेवेनाची पुस्तिका टेबलाच्या खणात ठेवून दिली. शिक्का मारला नाही.

रादकाने पंधरा दिवस मुलीशी बोलणे टाकले. जे सांगायचे ते मांजरीला सांगे. "बघ गं बाई," ती मांजरीला म्हणे, "पाच तारखेला घरी चालत येणारा पगार सोडून लोक दूध केंद्रात खिळे ठोकायला जातात. तू तरी असं करू नकोस." तरीही दुकानाच्या फरशा घासायला तीच गेली, आणि दिवसही तिनेच ठरवला. वीस डिसेंबर, संत इग्नातचा दिवस.

त्या दिवशी उंबरठा पहिल्यांदा जो ओलांडतो, त्याच्या पायगुणावर सारे वर्ष चालते. त्याच्यावर गहू टाकायचे, त्याने काडीने विस्तव ढवळून भरभराटीचे चार शब्द बोलायचे, आणि मग त्याला बसवायचे, म्हणजे कोंबड्या अंड्यांवर नीट बसतात. दुकानाला कोंबड्या नसल्या तरी वर्ष असतेच. हा पहिला माणूस मी व्हायचे, असे मायलेकींनी एकमताने, म्हणजे मांजरीमार्फत, ठरवले. मी एकदा रंगमंचाच्या चोरदारातून खाली पडलो होतो आणि खालच्या पडद्यांच्या ढिगावर बसूनच पुढचे वाक्य म्हटले होते. तेव्हापासून गावात माझा पायगुण चांगला समजतात. ठरले नऊला.

चाळीस वर्षांत माझा एकही प्रवेश चुकला नव्हता. हा चुकला. हातात काडी घेऊन मी वेळेवर निघालो होतो, पण बाजाराच्या कोपऱ्यावर एका बाईंनी मला ओळखले, त्यांच्या लग्नाच्या वर्षी मी केलेल्या भूमिकेची आठवण काढली आणि त्यातल्या चार ओळी म्हणायला सांगितल्या. मी म्हटल्या. आठ म्हटल्या असतील. वळून दुकानाकडे पाहतो तो गेन्चेव दार ढकलून आत जात होते.

मागाहून कळले की ते बालनाट्यातल्या अस्वलाचे बूट कुठल्या कपाटात आहेत ते विचारायला आले होते. राजधानीत वाढलेला माणूस, इग्नात त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. दारामागे रादका मूठभर गहू घेऊन माझी वाट पाहत होती. दार उघडले, तिने न बघता गहू फेकले आणि ते गेन्चेवच्या चष्म्यावर ताशासारखे वाजले. म्हणजे विधी झाला. आता तो परत घेता येत नव्हता.

मी आत शिरलो तेव्हा तिघेही जमिनीवरच्या गव्हाकडे पाहत होते. शेवटी नेवेनानेच खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, बसा साहेब, आज तुम्हाला बसावंच लागेल. गेन्चेव बसले. त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी आग्रहाने कुठे बसवले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी टोपी मांडीवर घेतली, चष्मा पुसला, मी दिलेल्या काडीने शेगडी ढवळली आणि काय म्हणायचे ते माहीत नसल्यामुळे "शुभेच्छा" म्हणाले, कार्यालयात म्हणतात तसे. तेवढ्यात नेवेनाचे लक्ष त्यांच्या पायाकडे गेले. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून तोंड वासून होता. तिने काही न विचारता तो काढून घेतला, लाकडी साच्यावर चढवला आणि कामाला लागली.

अर्ध्या तासाने बूट पायात घालून गेन्चेव उठले, दोन पावले चालले, आणि दारापाशी थांबून म्हणाले, "नेवेना, सोमवारी सकाळी आठला तू तळघरात असलीस, तर मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. पुस्तिका खणात आहे. आठनंतर मात्र मला जागेची जाहिरात द्यावी लागेल. वरून सांगणं आहे." मग आम्हा तिघांना वाकून नमस्कार करून गेले.

त्यांच्यानंतर कुणी आले नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. माणसे खिडकीशी थांबत, आत डोकावून हात हलवत, हसत आणि पुढे जात. नेवेनाने हात रिकामे नकोत म्हणून एका चामड्याच्या तुकड्यावर खिळे ठोकले, काढले, पुन्हा ठोकले. रादकाने आणलेला गरम पाव आणि अक्रोड कुणी खाल्ले नाहीत. दुपारी ती माझ्याकडे वळली. मांजर घरी होती, त्यामुळे आता मीच होतो.

"राजेसाहेब," ती म्हणाली, "कोपऱ्यावर चार ओळी म्हटल्यात ना? आता चारशे म्हणा. वेळच वेळ आहे."

भर नाटकात वाक्य विसरलेल्या नटाला निदान खालून कुणी तरी ते कुजबुजून सांगतो. तिथे सांगणारे कुणी नव्हते. मी गेन्चेवना दोष दिला, स्वतःला दिला, त्या लग्न झालेल्या बाईंनाही दिला.

चारच्या सुमारास उजेड मावळू लागला तेव्हा नेवेनाने पोटावरचा चामड्याचा पट्टा सोडला आणि हत्यारे एकेक करून कापडात गुंडाळायला लागली. आईकडे न पाहता म्हणाली, "सोमवारी जाते मी तळघरात."

रादकाला हेच हवे होते. पण ते ऐकल्यावर ती खूश झाली नाही. मला स्पष्ट दिसले. तिने पावावरचे कापड उगाच सरळ केले आणि म्हणाली, "एक दिवस तर झाला." पंधरा दिवसांत मुलीशी थेट बोललेले तिचे ते पहिले वाक्य.

"आई, अख्खा बाजार इथून गेला. कुणालाच नको आहे मी."

तेवढ्यात दार उघडले आणि समोर लोणच्याचे दुकान चालवणारी, रादकाची शेजारीण गिनका मावशी आत आली. रिकाम्या हातांनी. दारातच उभी राहून तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले.

"बरं आहे ना सगळ्यांचं?" तिने विचारले. "सकाळपासून हातोड्याचा आवाज येतोय. इग्नातच्या दिवशी हातोडा? मला वाटलं, कुणाला तरी वेड लागलं."

नेवेनाने सांगितले की दुकान आजच उघडले आहे, पण एकही जोड आला नाही.

"येईल कसा?" गिनका मावशी म्हणाली. "आज घरातली वस्तू कोण बाहेर देतं? वर्षाची बरकत जाते तिच्याबरोबर. माझ्याकडे चार जोड कालपासून पिशवीत बांधून पडलेत. आमच्या जिन्यावर सगळ्यांच्या दाराआड पिशव्या आहेत, उद्याच्यासाठी. आणि रादका, तू गं? सकाळी मी चिमूटभर मीठ मागितलं तर नाही म्हणालीस ना मला?"

रादका खुर्चीत बसली. तिने खरोखरच मीठ दिले नव्हते. आम्ही तिघेही इथलेच. इग्नातच्या दिवशी घरातून विस्तवसुद्धा बाहेर जात नाही हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेले. पण दुकानात काय आत येणार ह्याचा विचार करताना, ते आधी कुणाच्या तरी घरातून बाहेर पडावे लागते, हे तिघांच्याही डोक्यात शिरले नाही. आणि दिवसभरातला एकमेव बूट आला तो गेन्चेवचा, कारण तो त्यांच्या पायातच होता.

प्रथम नेवेना हसली. मग रादका, तोंडाला पदरासारखा रुमाल लावून. हसता हसता तिला रडू आले आणि मग तिने गिनका मावशीला इतका मोठा पाव तोडून दिला की मावशीला आठवण करून द्यावी लागली, बाई, हेही उंबरठ्याबाहेर जायचं नाही, इथेच बसून खाते. आम्ही सगळ्यांनी तिथेच बसून खाल्ले. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी साडेआठला गेलो तर दारापुढे पिशव्याच पिशव्या. टाचा, तळ, तुटलेल्या चेनी, एका पाद्रीबुवांचे पावसाळी बूट. शिवाय गेन्चेवच्या पायगुणाची बातमी पसरली होती. केशकर्तनालयवाल्याने आणि दोन भाजीवाल्यांनी त्यांना पुढच्या इग्नातचे आगाऊ आमंत्रण दिले, आणि माणूस कृतार्थ झाला.

पण तो सोमवार मला सांगायचा आहे. आठला दहा कमी होते. नेवेना साच्यावर वाकलेली, ओठांत चार खिळे धरलेली. मी विचारले, नाटकघरात जायचं ना? तिने घड्याळाकडे पाहिले, समोरच्या ढिगाकडे पाहिले, खिळे तळहातावर काढले.

"तुम्ही जाता का, काका? त्यांना म्हणावं, शिक्का मारा. आणि अस्वलाचे बूट खिडकीखालच्या पेटीत आहेत."

मी गेलो. गेन्चेवनी पुस्तिका काढली, आपल्या सुबक अक्षरांत शेवटची नोंद केली आणि शिक्का मारून त्यावर फुंकर घातली. म्हणाले, काल पाऊस होता, बूट कोरडा राहिला. परत येऊन पुस्तिका मी नेवेनासमोर ठेवली. तिने ती उघडली नाही. एका बाईंच्या टाचेचे माप घेत होती.

बाहेर पडलो तर रादका दारात उभी राहून रांगेला दरडावत होती, "ढकलू नका, एकेक जण या. माझ्या मुलीला दोनच हात आहेत."