मामांच्या पानावर बसलो तेव्हा

अमानवीय अनुभव सांगणाऱ्यांची मला कीव येते. निम्म्यांना रात्री अजीर्ण होतं आणि सकाळी अनुभव सुचतो. तरीही आज लिहितोय... करा मजा.

बुलढाण्यात एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. म्हणजे अस्तित्व, माणसाचं जगात असणं वगैरे — मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या पोरांपुढे. माझं म्हणणं सोपं होतं: मी आहे हे मला कळतं, तेवढं पुरे. इतरांच्या मान्यतेची गरज मेंढरांना.

मागच्या उन्हाळ्यात मोताळ्याजवळच्या एका गावी बायकोच्या मामांच्या तेरवीला जावं लागलं. बायको तापाने फणफणलेली, म्हणून एकटाच. भर दुपारी मांडवात पंगत बसायची होती. पत्रावळी सगळ्या रिकाम्या, फक्त मामांच्या हार घातलेल्या फोटोपुढे त्यांच्या नावाचं पान वाढून ठेवलेलं. मेलेल्याला गरम पोळी आणि जिवंतांनी ताटकळायचं! जो जगातच नाही त्याची जागा कसली? मी सरळ त्या पानावर जाऊन बसलो. हटकणाऱ्याला ऐकवायला व्याख्यान तयार होतं.

कुणी हटकलंच नाही.

वाढपी माझ्या मांडीवरून पाय टाकून गेले. मामांचा मुलगा प्रशांत फोटोचा हार सरळ करायला वाकला. मी हाक मारली, मग ओरडलो, शेवटी त्याचा दंड धरला. त्याने माशी बसल्यासारखा झटकला. उठायला गेलो तर पाय उचलेनात. तेव्हा मात्र... हो, घाबरलो. मी आहे हे मला चांगलं कळत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मग मामी समोर येऊन बसल्या. नजर माझ्यावर नाही, पानावर.

"त्या दिवशी भाजी खारट झाली मनून ताटावरून उठले तुमी," त्या हळूच म्हणाल्या. "उपाशीच वावरात गेले, अन् तिथंच पडले. आज चाखून पाह्यली मी. खा ना जी... माह्यापायी उपाशी नका जाऊ."

"मामी, मी आहे हो! बुलढाण्याचा!"

त्या पानाकडेच बघत राहिल्या. शेवटी मीच वांग्याच्या भाजीशी पोळीचा घास घेतला. मग दुसरा. भीतीने सगळं पान संपवलं.

"जेवले वं माय! पाहा, जेवले!" मामी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. माझे पाय मोकळे झाले.

मांडवाबाहेर नळावर हात धुताना प्रशांत भेटला. "भाऊजी! कवा आले तुमी? चाला, बसा जेवाले."

गंमत म्हणजे, माझ्या पोटात कावळे ओरडत होते. एवढं जेवून.

मामी अजून सगळ्यांना सांगतात, मामा जेवून गेले. मी ते खोडून काढत नाही. ऊन लागलं असेल, भास झाला असेल — माझी पोरं पेपरात लिहितात तसली भिकार उत्तरं स्वतःला देऊन पाहिली. एकही पटलं नाही. हल्ली कुठल्याही पंगतीत आधी विचारतो, "इथे बसू का?" त्याच मेंढरांना विचारतो. आणि कुणीतरी "बसा ना" म्हणेपर्यंत उभा राहतो.